‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात जेमतेम दीड वर्षाच्या एका बालिकेला अचानक लुळेपणा आला. लुळेपणा सुरू झाल्याची नोंद १३ जानेवारीची आहे. तिच्या शौचाचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि त्यांत पहिल्या प्रकारचा रानटी पोलिओ विषाणू सापडला. रानटी विषाणूमुळे झालेला भारतातील पोलिओचा तो शेवटचा रुग्ण. त्यानंतर तीन वर्षे वाट पाहून २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातील अकरा देशांना, त्यांत भारतालाही, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र देण्यात आले. त्या दिवशीच्या बातम्यांत लसीचे दोन थेंब होते, घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्या होत्या, आणि ते सर्वथा योग्यच होते. परंतु सव्वाशे कोटी लोकांच्या देशात एखादी वस्तू ‘नाही’ हे सिद्ध कसे झाले, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ‘आहे’ हे सिद्ध करण्यास एक पुरावा पुरतो. ‘नाही’ला किती पुरावे लागतात? त्याचे उत्तर बर्फाच्या पेट्यांतून प्रवास करणाऱ्या शौचाच्या लहान लहान बाटल्यांत आहे.

विषय काहींना अप्रशस्त वाटेल. जैन घरांत मात्र तो अगदीच परका नसावा. बारा भावनांतील अशुचि भावनेत देहाच्या मलिनतेचे चिंतन आहे. साधुसाध्वींच्या पाच समितींतील शेवटची समिती तर मलमूत्राचे विसर्जन कोठे आणि किती सावधपणे करावे, याविषयीच आहे. शरीराबाहेर टाकलेल्या वस्तूचीही जबाबदारी टाकणाऱ्यावर राहते, हा विचार त्या नियमामागे आहे, आणि साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही वैद्याला तो पटेल. येथे एक सावधगिरी बाळगावी. शास्त्रांत सांगितलेले संमूर्च्छिम जीव म्हणजेच आजचे विषाणू, असे म्हणून टाकण्याचा मोह अनेक व्याख्यात्यांना होतो. तो टाळलेला बरा. दोन्हींची परिभाषा वेगळी, प्रयोजन वेगळे. शास्त्राला प्रयोगशाळेच्या शिफारसपत्राची गरज नाही.

पोलिओचा शोध शौचातच का घ्यावा लागतो? हा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, घशात आणि आतड्यांत वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. त्याला चरबीचे आवरण नसते, त्यामुळे जठरातील आम्लाने तो नष्ट होत नाही. संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. उरलेल्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही, पण त्यांच्या मलातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे लुळे पडलेले एक मूल दिसते, तेव्हा त्याच्या मागे न दिसणारी शेकडो मुले उभी असतात. लुळेपणा मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट झाल्यामुळे येत असला, तरी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात हा विषाणू क्वचितच हाती लागतो. घाव एके ठिकाणी, साक्षीदार दुसरीकडे.

या साक्षीदाराला गाठण्याचे नियम अतिशय काटेकोर आहेत. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायांतील बळ अचानक जाऊन ते अवयव लुळे पडले, तर कारण काहीही असो, त्याची नोंद झालीच पाहिजे. डॉक्टरला हा पोलिओ नाही असे कितीही खात्रीने वाटत असले, तरी नोंद टळत नाही. मग शौचाचे दोन नमुने घ्यायचे. दोन अशासाठी की विषाणू रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. दोहोंत किमान चोवीस तासांचे अंतर ठेवायचे आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत मिळवायचे, कारण त्यानंतर विषाणू सापडण्याची शक्यता घटत जाते. प्रत्येक नमुना मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढा, सुमारे आठ ग्रॅम. बाटली घट्ट बंद करून बर्फाच्या पेटीत ठेवायची, आणि पेटी प्रयोगशाळेत उघडेल तेव्हा आत बर्फ शिल्लक असले पाहिजे. लस शहरातून खेड्याकडे थंडाव्यात जाते, त्याला शीतसाखळी म्हणतात. शौच खेड्यातून शहराकडे थंडाव्यात येते, तिला उलट शीतसाखळी असे नाव आहे. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या असल्या, तरी शौचाची पेटी लसीसाठी वापरायची नाही.

१९९७ साली या कामासाठी राष्ट्रीय पोलिओ पाळत प्रकल्प उभा राहिला. एखाद्या आडगावातील आईला, मूल आधीच लुळे पडून घाबरलेली असताना, त्याचे शौच डबीत धरून द्या आणि उद्या पुन्हा द्या, असे समजावणे हे या सगळ्या विज्ञानातील पहिले पाऊल. ते पाऊल चुकले, तर पुढची लाखो रुपयांची यंत्रे निरुपयोगी ठरतात.

जैन न्यायशास्त्रात कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने तपासावे, असे सांगितले आहे. घट आहे, पण स्वतःच्या द्रव्य-क्षेत्र-काल-भावाच्या अपेक्षेने. परक्याच्या अपेक्षेने तो नाही. ‘स्यात् नास्ति’ म्हणजे ‘कदाचित नसेल’ असा गुळमुळीतपणा नव्हे. कोणत्या अपेक्षेने ‘नाही’ म्हणतो, हे स्पष्ट करण्याची ती शिस्त आहे. प्रयोगशाळेच्या ‘विषाणू आढळला नाही’ या शेऱ्याला हीच शिस्त लागते. नमुना किती होता, कोठून आला, लुळेपणानंतर कितव्या दिवशी घेतला, कोणत्या अवस्थेत पोहोचला? विसाव्या दिवशी घेतलेल्या, वाटेत कोमट झालेल्या चिमूटभर नमुन्यात विषाणू आढळला नाही, तर त्यावरून मुलाला पोलिओ झाला नव्हता असे म्हणता येत नाही. अशा मुलाची साठ दिवसांनी पुन्हा तपासणी होते. लुळेपणा टिकून असेल, तर प्रकरण तज्ज्ञांच्या समितीपुढे जाते, आणि ती समिती त्याला ‘पोलिओशी सुसंगत’ असा शेरा देऊ शकते. या शेऱ्यात विषाणूचा पुरावा नसतो. पाळत तेथे कमी पडली, एवढी कबुली मात्र असते.

आता प्रयोगशाळेच्या आत. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारात पोलिओ संशोधनाचे केंद्र १९४९ साली सुरू झाले. पुढे ते एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर या नावाने ओळखले जाऊ लागले आणि पोलिओच्या जागतिक प्रयोगशाळा-जाळ्यातील विशेष प्रयोगशाळांपैकी एक झाले. अशा प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यातील सुमारे दोन ग्रॅम भाग क्षारयुक्त द्रावणात, काचेचे बारीक मणी आणि थोडे क्लोरोफॉर्म घालून जोराने हलवला जातो. मण्यांनी गोळे फुटतात. क्लोरोफॉर्मने जीवाणू आणि बुरशी मरतात. पोलिओ विषाणूवर मात्र क्लोरोफॉर्मचा परिणाम होत नाही, कारण त्याच्याकडे विरघळण्याजोगे चरबीचे आवरणच नाही. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की गाळ तळाला बसतो आणि वरच्या निवळीत विषाणू उरतो. उरलेला नमुना गोठवून ठेवतात.

ही निवळी जिवंत पेशींवर घातली जाते, कारण मूळ नमुन्यात विषाणू फार थोडा असू शकतो आणि त्याला वाढवावे लागते. येथे एक इतिहास सांगितला पाहिजे, कारण या मासिकाच्या वाचकांना तो विचारण्याचा हक्क आहे. पोलिओचे कारण विषाणू आहे हे १९०८ साली व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी दाखवले, ते माकडांच्या शरीरात रोग संक्रमित करून. त्यानंतर चार दशके या विषाणूचा अभ्यास म्हणजे माकडांचे बळी, असेच समीकरण होते. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी हा विषाणू चेतासंस्थेबाहेरच्या मानवी ऊतींच्या पेशींत, काचपात्रात वाढवून दाखवला, आणि १९५४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तरीही लसीच्या निर्मितीसाठी माकडांची मूत्रपिंडे लागतच राहिली. त्यासाठी भारतातून ऱ्हिसस माकडे मोठ्या संख्येने परदेशी जात असत. मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली.

शौच तपासणीत आज माकडे लागत नाहीत. दोन प्रकारच्या पेशी वापरतात, आणि त्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेल्या आहेत. एक आरडी, एका मुलीच्या स्नायूंच्या कर्करोगाच्या गाठीतून मिळालेली. दुसरी एल२०बी. ही मूळची उंदराची पेशी, पण तिच्यावर मानवी पेशीवरचे पोलिओ विषाणूचे ग्राहक-प्रथिन बसवलेले आहे. उंदराच्या पेशीत एरवी पोलिओ शिरत नाही. हे एक दार बसवल्यामुळे पोलिओ शिरतो, आणि आतड्यांतील इतर बहुतेक विषाणू बाहेरच राहतात. विषाणू वाढला तर सपाट पसरलेल्या पेशी गोल होतात, सुटतात आणि तरंगू लागतात. तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून रोज पाहतो. पाच दिवसांत काही दिसले नाही, तर द्रव नव्या पेशींवर घालून आणखी पाच दिवस पाहायचे. दहा दिवसांच्या आत ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही. या पेशींच्या आहारात गायीच्या गर्भातील वासराच्या रक्ताचा रस असतो, हेही लपवू नये. हिंसा पुष्कळ कमी झाली आहे, संपलेली नाही.

पेशींत काहीतरी वाढले, एवढ्याने काम होत नाही. ते नेमके काय आहे हे त्याच्या आरएनएवरून ओळखायचे. पोलिओ विषाणू म्हणजे प्रथिनांच्या डबीत ठेवलेली एकेरी आरएनएची लांब पट्टी. सुमारे साडेसात हजार अक्षरांची, आणि ती सारी चारच अक्षरांत लिहिलेली. विषाणूला जे काही माहीत आहे, ते सर्व त्या पट्टीवर. अडचण अशी की आरएनए अत्यंत नाजूक असतो. त्याला तोडणारी विकरे घामात, बोटांवर, धुळीत, सर्वत्र असतात. म्हणूनच हातमोजे तंत्रज्ञाच्या रक्षणासाठी जितके असतात, तितकेच नमुन्याच्या रक्षणासाठीही.

शौचाची आणखी एक खोडी आहे. त्यात पित्तक्षार आणि अन्नातील गुंतागुंतीच्या शर्करा असतात. पुढच्या टप्प्यात काम करणाऱ्या विकरांना ते पदार्थ अडवतात. परिणामी विषाणू असूनही चाचणी गप्प बसते, आणि कागदावर ‘नाही’ उमटते. यावर १९९० मध्ये अॅमस्टरडॅमच्या बूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली रीत जगभर रुजली. ग्वानिडिनियम थायोसायनेट नावाच्या तीव्र क्षाराने विषाणूची डबी फुटते आणि तोडणारी विकरेही निकामी होतात. त्या क्षाराच्या सान्निध्यात आरएनए सिलिकाच्या, म्हणजे शुद्ध वाळूसारख्या पदार्थाच्या, कणांना चिकटतो. मग अल्कोहोलयुक्त द्रवाने धुतले की मळ निघून जातो आणि आरएनए कणांवर राहतो. शेवटी थोड्या शुद्ध पाण्याने त्याला सोडवून घ्यायचे. सोनार आपल्या दुकानातील केर धुऊन सोन्याचा कण वेगळा काढतो, त्या जातीचे हे काम. आज त्यासाठी तयार नळ्या मिळतात आणि अर्ध्या-पाऊण तासात ते उरकते.

या आरएनएची प्रथम डीएनएमध्ये नक्कल करावी लागते, कारण प्रती काढण्याचे तंत्र डीएनएवर चालते. आरएनएवरून डीएनए लिहिणारे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. त्यांतील बाल्टिमोर यांनी पोलिओ विषाणूवरही काम केले होते. प्रती काढण्याची पद्धत, जिला सारे पीसीआर म्हणून ओळखतात, कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली. तिला लागणारे उष्णता सहन करणारे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या एका जीवाणूचे आहे. सुमारे ९५ अंशांना तापवले की डीएनएचे दोन धागे सुटतात. थंड केले की आधीच तयार ठेवलेले छोटे तुकडे आपापल्या जागी बसतात, आणि तेथून विकर नवा धागा विणते. एक फेरी झाली की एकाचे दोन. पुढच्या फेरीत दोनाचे चार. चक्रवाढीचे गणित ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. प्रती वाढतील तशी नळीतील चमक वाढते, आणि ती कितव्या फेरीत दिसू लागली यावरून मुळात किती भांडवल होते याचा अंदाज येतो. साधारण सव्वातीन फेऱ्यांचा उशीर म्हणजे मूळ प्रमाण दहापट कमी.

या चक्रवाढीला माया-ममता नाही. शेजारच्या नळीतून उडालेला एक थेंब, आदल्या दिवसाच्या प्रयोगातील हवेत राहिलेला एक तुषार, हेही तितक्याच निष्ठेने १०७ कोटी होतात. म्हणून द्रावणे एका खोलीत बनवतात, आरएनए दुसरीत मिसळतात, यंत्र तिसरीत असते. चालणे एकाच दिशेने, मागे यायचे तर कोट बदलून. प्रत्येक वेळी नमुन्यांबरोबर एक नळी अशी ठेवतात की तीत विषाणू निश्चित आहे, आणि एक अशी की तीत केवळ पाणी आहे. पहिली गप्प राहिली किंवा दुसरी बोलली, तर त्या दिवसाचे निकाल रद्द. नमुन्यातील अडथळ्यांची परीक्षा म्हणून काही चाचण्यांत एक ओळखीचा आरएनएही मुद्दाम मिसळतात. तो सापडला, तरच इतर काही न सापडण्याला अर्थ येतो. शिवाय दरवर्षी बाहेरून अज्ञात नमुने पाठवून प्रयोगशाळेचीच परीक्षा घेतली जाते. ज्याने नोंद केली त्यानेच ती तपासून सही करू नये, या हिशेबाच्या जुन्या दंडकाचेच हे रूप आहे.

प्रत्येक विषाणूसाठी एवढा खटाटोप लागतोच असे नाही. लहान मुलांना जुलाबाने कोरडे पाडणारा रोटा विषाणू, जो १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना आढळला, मलातून इतक्या विपुल प्रमाणात बाहेर पडतो की एका ग्रॅममध्ये त्याचे अब्जावधी कण असू शकतात. त्याचा आरएनए दुहेरी धाग्याचा आणि अकरा तुकड्यांचा. तो बाजूला काढून जेलच्या पातळ थरात विजेच्या प्रवाहाने सरकवला आणि चांदीच्या क्षाराने रंगवला की लहान तुकडे पुढे, मोठे मागे, अशा अकरा रेघा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. पीसीआर नसलेल्या साध्या प्रयोगशाळांतही ही रीत वर्षानुवर्षे चालली. दिल्लीत १९८० च्या दशकात नवजात बालकांच्या शौचात रोटा विषाणूचा एक असा प्रकार मिळाला की तो आतड्यांत असूनही त्या बाळांना जुलाब होत नव्हते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि त्यातूनच पुढे ‘रोटावॅक’ ही भारतीय लस निर्माण झाली. ज्या डबीकडे पाहून नाक मुरडावे, तिच्यातून निघालेली लस आज देशातील बाळांना मिळते आहे.

पोलिओकडे परत येताना एक विलक्षण पेच समोर येतो. तोंडावाटे दिली जाणारी लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत पोलिओ विषाणूच. तोही आतड्यांत वाढतो आणि मलातून बाहेर पडतो. १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा ज्या देशात वर्षातून अनेक वेळा झाल्या, तेथील मुलांच्या शौचात पोलिओ विषाणू सापडणे ही नित्याचीच बाब होती. प्रश्न होता तो कोणाचा हा. रानटी की लसीचा? हा फरक आरएनएच्या अक्षरांत असतो, आणि तो ओळखण्यासाठी निरनिराळ्या जातींना बसतील असे निरनिराळे तुकडे वापरून पीसीआर करतात. येथे चूक झाली तर दोन्हीकडे हानी आहे. रानट्याला लसीचा म्हटले, तर तो पुढच्या मुलापर्यंत मोकळा चालत जाईल. लसीच्याला रानटी म्हटले, तर लाखो मुलांना विनाकारण पुन्हा डोस देण्यासाठी सारा जिल्हा कामाला लागेल.

त्याहून पुढची पायरी म्हणजे अक्षरवाचन. विषाणूच्या बाहेरच्या कवचातील एका प्रथिनाचे सुमारे नऊशे अक्षरांचे प्रकरण संपूर्ण वाचून काढतात. विषाणू आपली नक्कल करताना चुका करतो, आणि एका मुलातून दुसऱ्या मुलात जाताना या चुका साचत जातात. वर्षाला सुमारे एक टक्का, म्हणजे नऊशेत नऊ अक्षरे. त्यामुळे दोन नमुन्यांतील अक्षरे ताडून पाहिली की विषाणूची वंशावळ मांडता येते. समजा, एखाद्या जिल्ह्यात सापडलेला विषाणू त्याच्या सर्वांत जवळच्या ज्ञात नातेवाइकापेक्षा अठरा अक्षरांनी वेगळा निघाला. याचा अर्थ तो सुमारे दोन वर्षे कोणाच्याही नोंदीत न येता फिरत होता. वहीत मधली पाने कोरी आहेत आणि शिल्लक मात्र बदललेली आहे, असे दिसले की हिशेबनीस जसा सावध होतो, तसे येथे होते. एका मुलाच्या शौचातील नऊशे अक्षरे पाळत ठेवणाऱ्यांच्या दोन वर्षांच्या ढिलाईची साक्ष देतात.

या सर्व यंत्रणेतून ‘नाही’ कसे उभे राहिले? इतर गोष्टी ‘आहेत’ हे सतत दाखवत राहून. लुळेपणाची कारणे पोलिओशिवायही आहेत. पोलिओ नसतानाही पंधरा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक असा रुग्ण सापडलाच पाहिजे, हे पाळतीचे जागतिक प्रमाण. तो सापडला नाही, तर तो जिल्हा निरोगी आहे असे मानत नाहीत, झोपलेला आहे असे मानतात. भारतात २०११ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक लुळ्या मुलांची नोंद होत होती. म्हणजे शौचाच्या एक लाखाच्या घरातील बाटल्या. त्यांतून आतड्यांतील इतर विषाणू सापडत राहिले, लसीचे विषाणू सापडत राहिले. रानटी पोलिओचे रुग्ण २००९ मध्ये ७४१ होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये ती हावड्याची एकटी बालिका.

आणि तरीही ज्यांना लुळेपणा आला नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरत होता. त्यासाठी मुंबईत २००१ पासून सांडपाणी तपासले जाऊ लागले. गटाराला कोणाचे नाव नसते, संमती मागावी लागत नाही, आणि हजारो घरांचे शौच त्यात एकत्र आलेले असते. पण त्यात विषाणू अतिशय विरळ असतो. अर्धा लिटर सांडपाण्यात विशिष्ट पदार्थ मिसळून ते रात्रभर स्थिर ठेवले की दोन थर होतात आणि विषाणू त्यांतल्या छोट्या थरात गोळा होतो. पुढची वाट तीच, पेशींची आणि आरएनएची. भारतातील सांडपाण्यात रानटी विषाणू शेवटचा मिळाला तो मुंबईतच, नोव्हेंबर २०१० मध्ये.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर घरातली एक गोष्ट. पाणी गाळून पिण्याची आपली रीत त्रस जीवांच्या रक्षणासाठी आहे, आणि त्या हेतूने ती पुरेशी आहे. परंतु पोलिओ विषाणूचा व्यास सुमारे तीस नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तेहतीस हजार कण ओळीने बसतील. कापडाच्या वीणेतील छिद्रे त्याच्यापुढे राजमार्गासारखी आहेत. गाळल्यानंतर उकळलेल्या पाण्यात मात्र पोलिओ, रोटा किंवा कावीळ करणारे अ आणि ई प्रकारचे विषाणू टिकत नाहीत. उपधान किंवा वर्षीतपाच्या निमित्ताने घरात उकळलेले पाणी होत असेल, तर त्याच भांड्यातून लहान मुलांनाही द्यावे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणून बाटल्या थांबल्या नाहीत. लसीतील दुबळा विषाणू पुरेसे लसीकरण नसलेल्या वस्तीत दीर्घकाळ फिरला, तर अक्षरे बदलत बदलत पुन्हा लुळेपणा आणण्याजोगा होऊ शकतो. कवचाच्या त्या प्रकरणात पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी दहा किंवा अधिक, आणि दुसऱ्या प्रकारासाठी सहा किंवा अधिक अक्षरे बदललेली आढळली की त्याला लसजन्य विषाणू म्हणतात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतून दुसरा प्रकार एप्रिल २०१६ मध्ये जगभर काढून टाकण्यात आला, आणि त्याच वर्षी हैदराबादच्या सांडपाण्यात असा एक लसजन्य विषाणू दिसला. एकही मूल लुळे पडलेले नव्हते. तरीही तेथील मुलांना इंजेक्शनच्या लसीचे डोस देण्याची मोहीम काढण्यात आली. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात असेच आढळले, तेव्हा तेथेही मुलांना जादा डोस देण्यात आले.

आता दहा दिवसांचे पेशी-संवर्धन टाळून शौचातील आरएनए थेट वाचण्याच्या पद्धती तपासल्या जात आहेत. त्या रुळल्या, तर वासराच्या रक्ताचा रसही या कामापुरता लागणार नाही. दरम्यान, जगभरच्या प्रयोगशाळांना आपापली शीतकपाटे उघडून पाहण्यास सांगण्यात आले आहे. रोटा विषाणूसाठी किंवा आहारविषयक संशोधनासाठी फार वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या बाटल्यांवर पोलिओचे नाव नाही. पण ज्या काळात आणि ज्या मुलखात पोलिओ फिरत होता, तेथील शौच त्यांत असेल, तर ती बाटली पोलिओची समजायची. तिची यादी करायची, आणि मग ती नष्ट करायची किंवा अधिक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेकडे सोपवायची.